ओपिऑइड ओव्हरडोस आणि रिकव्हरी : लोक आम्हाला सारखे विचारतात ते प्रश्न

आम्ही थोडे लोक मिळून ओव्हरडोसच्या वेळी काय करायचं याचं ट्रेनिंग देतो, नॅलोक्सोनची (ओपिऑइडचा असर उलटवणाऱ्या औषधाची) किट वाटतो, आणि नशेतून बाहेर पडू बघणाऱ्यांच्या मागे उभे राहतो. ट्रेनिंगमध्ये 'काही प्रश्न?' असं विचारलं की सगळे गप्प. मग सगळं आवरून निघताना एकेक जण दाराशी घुटमळतो आणि हळूच विचारतो, 'एक विचारायचं होतं, माझ्यासाठी नाही, ओळखीत एक आहे...'. ते दाराशी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केलेत. डॉक्टरांची जागा हे पान घेत नाही, पण रात्री दोन वाजता कामाला येईल एवढं यात नक्की आहे.

ओपिऑइड म्हणजे नेमकं काय काय?

अफूपासून निघणारी किंवा तिच्यासारखं काम करणारी, लॅबमध्ये बनवलेली औषधं. मॉर्फिन, कोडीन, हेरॉइन, ऑक्सिकोडोन, ट्रॅमाडॉल, मेथाडोन, फेंटानिल ही सगळी एकाच घरातली. म्हणजे ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून डॉक्टर देतात ते आणि गल्लीच्या कोपऱ्यावर विकलं जातं ते, दोघांचं नातं सख्खं आहे, फक्त एकाचा डोस मोजलेला असतो आणि दुसऱ्याचा नाही. फेंटानिल १९६० मध्ये बेल्जियमच्या पॉल जानसेन यांच्या लॅबमध्ये बनलं, भूल देताना आजही वापरतात, मॉर्फिनपेक्षा साधारण १०० पट जोरदार. एवढं जोरदार औषध कोणीतरी अंदाजपंचे पावडरीत मिसळून विकतो, तिथे घोळ होतो.

ओव्हरडोसने माणूस नक्की मरतो कशाने?

श्वास थांबल्याने. बास, एवढंच. आपण झोपेत असतानाही मेंदूचा एक भाग रक्तात कार्बन डायऑक्साइड किती साठलाय ते बघत असतो आणि 'घे श्वास' म्हणून ढोसत असतो, ओपिऑइड त्या ढोसणाऱ्यालाच झोपवतं. मग श्वास आधी मंदावतो, मग उथळ होतो, मग बंद. ऑक्सिजन नाही म्हटल्यावर काही मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते आणि पाठोपाठ हृदय थांबतं. पण ऐका, यातच आशेची गोष्ट आहे : हे धाडकन होत नाही, बहुतेक वेळा मध्ये थोडा वेळ मिळतो, आणि त्या वेळात शेजारी कोणी असेल आणि त्याला काय करायचं ते माहीत असेल तर माणूस वाचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात साधारण सव्वा लाख माणसं ओपिऑइड ओव्हरडोसने गेली. त्यातले कितीतरी जण बंद दाराआड एकटे होते, किंवा बाजूच्या खोलीत घरचे होते आणि त्यांना वाटलं झोपलाय.

झोपलाय की ओव्हरडोस झालाय, कसं ओळखायचं?

जोरात हाक मारा, हलवा. उठला नाही तर मुठीची हाडं त्याच्या छातीच्या मधल्या हाडावर जोर लावून घासा, चांगलं दुखतं ते, झोपलेला माणूस कळवळून उठतो. ओव्हरडोसमधला उठत नाही. मग श्वास बघा. दोन श्वासांमध्ये फार वेळ जातोय का, छाती हलतेय का. ओठ आणि नखं निळसर पडतात, सावळ्या माणसात करडी किंवा राखाडी दिसतात. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात.

आणि आवाज. यावर आम्ही ट्रेनिंगमध्ये मुद्दाम थांबतो. घशात पाणी अडकल्यासारखी खरखर, खोल घोरल्यासारखी, मध्येच तुटणारी. एका आईने आम्हाला सांगितलं, 'मी स्वयंपाकघरातून ऐकत होते, मला बरं वाटलं की आज तरी गाढ झोपलाय.' सुदैवाने धाकटी मुलगी चार्जर शोधत त्या खोलीत गेली. तो मुलगा आज आमच्याबरोबर किट भरायला येतो, पण त्या आईला अजूनही कोणी घोरलं की झोप लागत नाही.

मग करायचं काय, क्रमाने सांगा ना.

तुमच्या भागातल्या इमर्जन्सी नंबरवर फोन लावा, स्पीकरवर ठेवा, म्हणजे हात मोकळे राहतात, आणि 'माणूस श्वास घेत नाहीये' हे शब्द आधी बोला. नॅलोक्सोनचा नाकात मारायचा स्प्रे असेल तर डोकं किंचित मागे करून नोझल एका नाकपुडीत पूर्ण आत घाला आणि दट्ट्या दाबा. चालतोय का बघायला आधी हवेत दाबू नका, त्यात एकच डोस असतो, हे दर ट्रेनिंगला कोणीतरी करतंच. मग तोंडाने श्वास द्या, नाक चिमटीत धरून, दर पाच सेकंदांना एक, छाती वर येतेय ना ते बघत. नाडी लागत नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा, फोनवरचा माणूस सांगत राहतो. दोन-तीन मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस, दुसऱ्या नाकपुडीत. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवून ठेवा, उलटी झाली तरी घशात जाणार नाही. आणि तिथेच थांबा.

गार पाणी ओतणं, थोबाडीत मारत राहणं, उभं करून चालवणं, मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन, उलटी काढायला लावणं, यातलं काहीही करू नका. हे सगळं लोक करतात, कारण काहीतरी केल्यासारखं वाटतं, आणि त्यात श्वासाची मिनिटं जातात.

नॅलोक्सोन चुकीच्या माणसाला दिलं तर?

अंगात ओपिऑइड नसेल तर त्याने काहीच होत नाही, म्हणून शंका असली तरी द्या. मेंदूतल्या ज्या जागांवर ओपिऑइड जाऊन बसतं तिथून नॅलोक्सोन त्याला ढकलून देतं आणि स्वतः बसतं, पण ते स्वतः नशा करत नाही. दारू, झोपेच्या गोळ्या, किंवा हल्ली भेसळीत सापडणारं झायलाझिन नावाचं जनावरांचं गुंगीचं औषध, यांच्यावर ते चालत नाही, त्यामुळे नॅलोक्सोन देऊनही माणूस झोपलेलाच राहिला पण श्वास चालू झाला तर घाबरून डोसवर डोस मारत बसू नका. श्वास बघा, जाग नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा, नॅलोक्सोन ३० ते ९० मिनिटं टिकतं. अंगातलं ओपिऑइड त्यापेक्षा जास्त वेळ टिकू शकतं, मेथाडोन तर खूपच. म्हणजे उठला, बरा वाटला, घरी गेला आणि तासाभराने परत श्वास मंदावला असं होऊ शकतं. म्हणून अँब्युलन्स येईपर्यंत सोडायचं नाही, तो कितीही 'मी ठीक आहे' म्हणाला तरी.

वाचवलं आणि तोच शिव्या द्यायला लागला, असं का?

कारण तुम्ही त्याला एका झटक्यात विथड्रॉवलमध्ये, म्हणजे नशा तुटल्यावर होणाऱ्या त्रासात, ढकललंत. घाम, उलट्या, अंगभर ठणका, आणि समोर अनोळखी चेहरे. आपण मेलो होतो हे त्याला माहीतच नसतं, त्याच्या लेखी तो छान झोपला होता आणि कोणीतरी येऊन त्याचं वाटोळं केलं. मनाला लावून घेऊ नका. एक पाऊल मागे व्हा, शांत आवाजात काय झालं ते सांगा, आणि आत्ता परत घेतलंस तर नॅलोक्सोन उतरल्यावर पुन्हा झोपशील हेही सांगा. 'बघ, म्हणून सांगत होतो' हे त्या क्षणी तरी गिळून टाका.

किट वाटलीत तर लोक अजून बिनधास्त नशा करतील ना?

हा आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात कंटाळा आणणारा. वरचं उत्तर वाचलंत ना? ज्याने एकदा नॅलोक्सोनचा अनुभव घेतलाय तो मुद्दाम परत त्या वाटेला जाईल असं वाटतं का.

बरं, नुसतं आमचं मत नको. नॅलोक्सोनला अमेरिकेत १९७१ मध्ये मंजुरी मिळाली, पण पंचवीस वर्षं ते हॉस्पिटल आणि अँब्युलन्समध्येच अडकून होतं. १९९६ च्या सुमाराला शिकागोत डॅन बिग आणि त्यांच्या शिकागो रिकव्हरी अलायन्सच्या लोकांनी ते थेट नशा करणाऱ्यांच्या हातात द्यायला सुरुवात केली, कारण ओव्हरडोस होतो तेव्हा शेजारी डॉक्टर नसतो, दुसरा नशा करणाराच असतो. तेव्हापासून २०१४ च्या मध्यापर्यंत अमेरिकेत अशा ग्रुप्सनी दीड लाखाहून जास्त सामान्य लोकांना किट दिली आणि २६,४६३ वेळा माणूस परत आणल्याची नोंद झाली. मॅसॅच्युसेट्समध्ये गावागावांची तुलना केली, जिथे ट्रेनिंग आणि किट जास्त पोचली तिथे ओव्हरडोसचे मृत्यू जवळपास ४६ टक्क्यांनी कमी निघाले, जिथे थोडीच पोचली तिथे २७ टक्क्यांनी. जिन्यात कठडा आहे म्हणून कोणी मुद्दाम तोल सोडत नाही.

फेंटानिलला नुसता हात लागला तरी ओव्हरडोस होतो म्हणे?

नाही. कातडीतून ते इतक्या पटकन आत जात नाही, हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा, झालं. ही भीती व्हॉट्सॲपवर फिरते आणि तिच्यामुळे लोक पडलेल्या माणसाला हात लावायला घाबरतात, नुकसान ते आहे.

फोन केला तर पोलिस आम्हालाच पकडतील.

ही भीती खोटी नाही, आणि फोन न होण्याचं मोठं कारण तीच आहे. अमेरिकेत २००७ मध्ये न्यू मेक्सिकोने कायदा केला की ओव्हरडोससाठी मदत मागणाऱ्यावर नशेचा माल जवळ असल्याबद्दल कारवाई नको, नंतर बहुतेक राज्यांनी तसे कायदे केले. सगळीकडे असं नाहीये, त्यामुळे आपल्याकडे काय आहे ते आजच वकिलाला विचारून ठेवा, त्या रात्री विचारायला वेळ नसतो. आणि ग्रुप चालवत असाल तर पोलिसांशी आधीच जाऊन बोला. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टर गावात २०१५ मध्ये पोलिसांनीच जाहीर केलं की माल घेऊन स्टेशनला या, मदत मागा, पकडणार नाही, उपचाराला नेऊन पोचवू. पुढे बऱ्याच ठिकाणच्या पोलिसांनी त्यांचं बघून तसं सुरू केलं.

डीटॉक्स करून, म्हणजे अंगातली नशा पूर्ण उतरवून, घरी आलाय, आता सुटलो ना एकदाचे?

थांबा. घरच्यांना ज्या दिवशी हायसं वाटतं नेमका त्या दिवसापासून धोका वाढतो, आणि हे कोणी सांगत नाही म्हणून आम्ही ओरडून सांगतो. रोज घेणाऱ्याच्या शरीराला त्याची सवय झालेली असते, डॉक्टर त्याला टॉलरन्स म्हणतात. दोन-तीन आठवडे बंद केलं की ती सवय उतरते पण डोक्यातली तलफ तिथेच असते. मग एखाद्या वाईट संध्याकाळी तो घेतो, आणि घेतो तेवढंच जेवढं महिन्यापूर्वी घ्यायचा. तेवढं आता त्याला झेपत नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगातून सुटलेल्यांचा अभ्यास २००७ मध्ये आला होता, सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका बाकी लोकांच्या १२९ पट निघाला. व्यसनमुक्ती केंद्रातून, हॉस्पिटलमधून, तुरुंगातून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाचं गणित हेच.

म्हणून औषधाशिवाय केलेला नुसता डीटॉक्स आम्ही कोणाला सुचवत नाही. आणि तो घरी येईल त्या दिवशी घरात किट हवं. 'त्याच्यावर विश्वास नाही का' असं वाटून बऱ्याच घरांत ते ठेवत नाहीत. अहो, त्याच्यासमोरच ठेवा, कुठे ठेवलंय ते त्यालाही दाखवा.

मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन म्हणजे एक नशा सोडून दुसरी लावणंच की.

नाही. नशा सोडवायला डॉक्टर देतात ती ही औषधं, पण असं का वाटतं ते कळतं, कारण तीही ओपिऑइडच आहेत. फरक काय तर ती हळू चढतात, बराच वेळ एकसारखी टिकतात, तलफ आणि विथड्रॉवल दोन्ही धरून ठेवतात, म्हणून माणसाला दिवसातून चार वेळा पैसे आणि माल शोधत पळावं लागत नाही. सकाळी डोस घेतो आणि कामाला जातो. ब्युप्रेनॉर्फिनचा असर तर एका पातळीच्या वर जातच नाही, त्यामुळे नुसत्या त्यानेच श्वास थांबण्याची शक्यता बरीच कमी. ही औषधं चालू असताना मृत्यूचा धोका साधारण निम्म्याने किंवा त्याहूनही जास्त घटतो, आणि हे एका अभ्यासात नाही, वेगवेगळ्या देशांत, वर्षानुवर्षं तेच निघालंय. फ्रान्सने १९९५ मध्ये साध्या फॅमिली डॉक्टरांना ब्युप्रेनॉर्फिन लिहून द्यायला मोकळीक दिली, चार वर्षांत ओव्हरडोसचे मृत्यू ७९ टक्क्यांनी खाली आले. उलट अमेरिकेत त्यासाठी डॉक्टरला वेगळं परमिट लागायचं, ते काढून टाकायला २०२२ चा डिसेंबर उजाडला.

'मग किती दिवस घ्यायचं?' जितके दिवस लागेल तितके. शुगरवाल्याला आपण विचारतो का, इन्सुलिन कधी सोडणार म्हणून. नशा सोडणाऱ्यांच्या काही मीटिंगांमध्ये अजूनही अशा माणसाला 'तू अजून क्लीन नाहीस' असं ऐकवतात. तसं कोणी म्हणालं तर दुसरी मीटिंग शोधा, गोळी सोडू नका.

ओव्हरडोसमधून वाचला, हॉस्पिटलने सोडलं. पुढे?

पुढे सहसा काहीच होत नाही, आणि आमच्या मते सगळ्या साखळीतली सगळ्यात कच्ची कडी हीच. हातात एक कागद देतात, त्यावर एक नंबर, तो माणूस विथड्रॉवलमध्ये कुडकुडतोय, बॅटरी पाच टक्के, तो काय फोन करणार. येल विद्यापीठाच्या डॉक्टरांचा २०१५ चा अभ्यास आहे : इमर्जन्सीतच ब्युप्रेनॉर्फिन सुरू करून दिलेल्यांपैकी ७८ टक्के लोक महिन्याभराने उपचारात होते, नुसता पत्ता दिलेल्यांपैकी ३७ टक्के.

ग्रुप म्हणून आपण काय करू शकतो तर एक-दोन दिवसांत त्याच्या दाराशी जायचं, दोघांनी, त्यातला एक स्वतः यातून गेलेला असला पाहिजे. आमच्यातला एक जण गेला की आधी उपचाराचं नावच काढत नाही. विचारतो, झोप लागली का, पायात पेटके येतात का, आणि दार बंद झालं तर कठड्यावर किट ठेवून येतो. पुढच्या आठवड्यात परत जातो. एकाने पाचव्या वेळी दार पूर्ण उघडलं होतं.

'पूर्ण बरबाद झाल्याशिवाय अक्कल येत नाही' असं सगळे म्हणतात. घराबाहेर काढू का?

बरबादीचा तळ लागेपर्यंत तो जिवंत राहील याची खात्री कोण देतंय? फेंटानिल बाजारात आल्यापासून तर अजिबात नाही. घरात पैसे देऊ नका, खोटं बोलून त्याची नोकरी वाचवू नका, स्वतःच्या जिवाला धोका असेल तर नक्की दूर व्हा, हे सगळं मान्य. पण बोलणं तोडू नका. तो शुद्धीत असताना त्याच्याशी चांगलं वागायचं, नशेत असताना वाद घालायचा नाही, आणि तो स्वतःहून 'कंटाळलो' म्हणेल त्या दहा मिनिटांसाठी क्लिनिकचा नंबर, वेळ, कोण घेऊन जाणार, हे सगळं तयार ठेवायचं. ती दहा मिनिटं येतात. आणि जातातही.

गर्दुल्ला म्हटलं तर एवढं काय बिघडतं?

त्या नावाने हाक मारलेल्या माणसाला पुढच्या वेळी गळू झालं तरी तो दवाखान्यात जात नाही, एवढं बिघडतं.

एकटा असतानाच घेणाऱ्याचं काय?

अवघड आहे, कारण किट असलं तरी स्वतःला स्वतः देता येत नाही. काही देशांत फोन लाइन आहेत, घेताना समोरचा माणूस लाइनवर राहतो, आवाज बंद झाला की मदत पाठवतो. काही ठिकाणी देखरेखीखाली घ्यायची केंद्रं आहेत, व्हँकूव्हरमधलं इनसाइट २००३ पासून चालू आहे, ते सुरू झाल्यावर त्याच्या आजूबाजूच्या ५०० मीटरात ओव्हरडोसचे मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले. फेंटानिल टेस्ट स्ट्रिप, म्हणजे मालात फेंटानिल आहे का ते दाखवणारी पट्टी, मिळत असेल तर वापरा पण भरवसा ठेवू नका, डब्यातला रंग नीट ढवळला नाही की भिंत कुठे गडद कुठे फिकी होते तसं पावडरीचं असतं, तपासलेल्या चिमटीत नसेल आणि शेजारच्या चिमटीत असेल. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर तर नकोच. आणि काहीच नाही तर निदान दार आतून लावू नको म्हणावं, आणि कोणालातरी मेसेज टाक की अर्ध्या तासात फोन कर.

'हे म्हणजे नशा करायला शिकवताय!' हो, असंही म्हणून झालंय आम्हाला. मेलेल्या माणसाला रिकव्हरी मिळत नाही, यापलीकडे उत्तर नाही.

गावाने मिळून केलं तर खरंच फरक पडतो, की नुसत्या मीटिंगा?

प्रामाणिक उत्तर : कधी कधी नुसत्या मीटिंगाच होतात. अमेरिकेत चार राज्यांतल्या ६७ कम्युनिटींमध्ये एक प्रचंड मोठा प्रयोग झाला, हीलिंग कम्युनिटीज स्टडी, मृत्यू ४० टक्क्यांनी कमी करायचं टार्गेट होतं. २०२४ मध्ये निकाल आला, कामं झालेल्या आणि न झालेल्या गावांत ठोस म्हणावा असा फरक सापडला नाही. विरोधक खूश झाले. पण आत वाचलं तर कळतं की ठरवलेल्या ६१५ कामांपैकी मोजणीचं वर्ष सुरू होईपर्यंत जेमतेम २३५ सुरू झाली होती, कोविड मध्ये आला, वर फेंटानिल. आम्ही त्यातून एवढंच घेतलं की प्लॅन बनवण्यात वर्ष घालवायचं नाही. पहिल्या आठवड्यात किट बाहेर गेली पाहिजेत, समितीचं नाव नंतर ठरवू.

अमेरिकेत २०२३ मध्ये सगळ्या ड्रग्सच्या ओव्हरडोसने साधारण १ लाख १० हजार माणसं गेली असा अंदाज होता, २०२४ मध्ये तो ८० हजारांच्या आसपास आला. श्रेय नॅलोक्सोनचं, औषधांचं की बाजारातला माल बदलल्याचं यावर अजून भांडणं चालू आहेत.

शाळेत लेक्चर ठेवू का?

ठेवा, पण 'ड्रग्स वाईट' एवढंच सांगणार असाल तर पोरांना ते पाठ आहे. मित्र पडला तर काय करायचं ते शिकवा, डमीवर श्वास द्यायला लावा.

आमचा मुलगा गेला. आता या ग्रुपमध्ये आमचं काय काम?

तुम्हाला काही काम करायची गरज नाही, नुसतं येऊन बसा. ओव्हरडोसने गेलेल्यांच्या घरी लोक भेटायला कमी येतात, आले तर कारण विचारत नाहीत किंवा नको तेवढं विचारतात. ३१ ऑगस्टला जगभर ओव्हरडोस जागृती दिवस असतो, २००१ मध्ये मेलबर्नमध्ये सुरू झाला, त्या दिवशी नावं वाचतात. फक्त नावं वाचतात, कसा गेला ते कोणी सांगत नाही, आवडतं गाणं कोणतं होतं हे सांगितलं तरी चालतं.

माझ्याकडे महिन्याचे दोनच तास आहेत, काही उपयोग आहे का?

भरपूर. कोणालातरी क्लिनिकला सोडायला जा, मेथाडोन बऱ्याच ठिकाणी रोज जाऊन घ्यावं लागतं आणि गाडी चुकली की डोस चुकतो. मीटिंग चालू असताना बाहेर एखादीचं बाळ सांभाळा. रिकव्हरीतल्या माणसाला कामावर ठेवणारा कोणी ओळखीत असेल तर त्याच्याशी बोला, कारण नशा सोडल्यावर रिकामा दिवस फार मोठा असतो. नाहीतर किट तपासायला या, गाडीत तापलेली बाजूला काढायची, जुनी वेगळी करायची. जुनी फेकत नाही आम्ही, नवीन नसेल तेव्हा तारीख उलटलेलं नॅलोक्सोनही काहीच नसण्यापेक्षा बरं. येताना वाचायचा चष्मा आणा फक्त, एक्सपायरी फार बारीक अक्षरात छापतात.